क्यूनंतर यू यायलाच हवा, असं कुणी सांगितलं?

प्रश्न होता : क्यूनंतर यू येत नाही असे पन्नासेक इंग्रजी शब्द अर्थासकट मिळतील का? स्क्रॅबलसाठी हवेत.

पन्नास नाही देणार. पण हा प्रश्न दिसला आणि पुढे सरकताच येईना, कारण माझा एक डाव याच भानगडीत गेलाय.

मला इंग्रजी मामानं शिकवलं. क्यू आला की मागोमाग यू येतोच, हेही त्यानंच शिकवलं, अगदी हातावर पट्टी मारून. पुढे त्याच्याशीच स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल लावून बोर्डवर शब्द जुळवायचा खेळ, खेळायला लागलो. पूर्ण संचात १०० टाइल, त्यात क्यू एक आणि यू चार. शेवटी पिशवी रिकामी झाली तेव्हा तो एकुलता एक क्यू माझ्या हातात, सोबत टी, आणि यू चारही बोर्डवर अडकून पडलेले. मी ४ गुणांनी मागे. बोर्डवर एक ए दोन्ही बाजूंनी मोकळा होता. मी क्यू-ए-टी लावून मोकळा झालो. १२ गुण, हातातल्या टाइल संपल्या, डाव माझा.

मामा म्हणाला, "हा शब्दच नाही."

"आहे, मामा. कात नावाचं झुडूप. येमेनमध्ये, सोमालियात, इथिओपियात त्या झुडपाचा पाला चघळतात. तरतरी येते त्यानं."

"येत असेल. इंग्रजीत नाही."

डिक्शनरी काढली. ती खिशात मावणारी, त्यात कुठला असायला! टाइल उचलून घ्याव्या लागल्या, पाळी गेली. मामानं आपली शेवटची टाइल ५ गुणांना लावली आणि माझ्या हातात उरलेल्या क्यू-टीचे ११ गुण माझ्यातून वजा, त्याच्यात जमा. ४ गुणांनी मागे होतो, ३१ गुणांनी हरलो.

पुढच्याच आठवड्यात ग्रंथालयातल्या जाडजूड डिक्शनरीत तो शब्द सापडला. पान नक्कल करून मामापुढे ठेवलं, तर म्हणतो, "हा अरबी आहे, परका आहे." इथे माझं डोकं फिरलं. अहो, परका तो यू आहे! जुन्या इंग्रजीत क्वीन हा शब्द सी-डब्ल्यू-ई-एन असा लिहायचे, क्विकही सी-डब्ल्यूनंच. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी हळूहळू त्या सी-डब्ल्यूचं क्यू-यू करून टाकलं. म्हणजे पट्टी मारून शिकवलेला नियम हा इंग्रजीवर बाहेरून चढलेला रंग.

आणि क्यू मुळात कुठला? फिनिशियन लिपीतलं कोफ हे अक्षर, तेच ग्रीकमध्ये कोप्पा झालं आणि लॅटिनमध्ये क्यू. घशातून खोल काढलेला 'क' दाखवणारं अक्षर. अरबीत तो उच्चार अजून आहे, हिब्रू वर्णमालेत कोफ अजून आहे (क्यू-ओ-पी-एच, हा शब्दही स्क्रॅबलमध्ये चालतो). म्हणून अरबी शब्द रोमन लिपीत लिहिताना क्यू एकटा येतो तेव्हा तो नियम मोडत नाही, आपल्या घरी परत जातो.

यात मराठी माणसाचा फायदा असा की निम्मे शब्द आपल्या तोंडातच आहेत. आपण तो खोल 'क' सपाट केला, एवढंच. फकीर, काझी, कव्वाली, तलाक, बुरखा, निकाब, किब्ला (नमाजाची दिशा) हे सगळे इंग्रजीत क्यूनं लिहिता येतात आणि एकातही क्यूमागे यू नाही. सूक म्हणजे अरबी बाजार, तो एस-यू-क्यू. इथे यू आहे, पण क्यूच्या आधी! कनात म्हटलं की आपल्याला तंबूची आठवते, पण क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे इराणमधले भुयारी पाट. डोंगराच्या पायथ्याचं भूजल नुसत्या उतारानं गावापर्यंत आणायचं, वाटेत हवेसाठी आणि गाळ काढायला उभ्या विहिरी, पंपबिंप काही नाही. २०१६ मध्ये यातले अकरा जागतिक वारशाच्या यादीत गेले. एका शब्दामागे एवढं सगळं असतं, म्हणून नुसती यादी मागणाऱ्यांचा मला राग येतो.

बाकीचे पटापट. क्यू-आय, उच्चार ची, चिनी विचारातली प्राणशक्ती. चिनीच्या रोमन लिपीत क्यू हा 'छ'च्या जवळचा उच्चार दाखवतो, अरबीशी काही संबंध नाही. उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांच्या यादीत हा २००६ मध्ये आला आणि हातात अडकलेल्या क्यूची भीतीच गेली. किंदारका हे अल्बेनियाचं जुनं सुटं नाणं, शंभर किंदारकांचा एक लेक (तिथलं चलन). शेकेल हे इस्रायलचं चलन, के ऐवजी क्यू घालूनही चालतं. उमियाक (शेवटी क्यू) ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची कातड्याची उघडी होडी. किव्हियुत ही मस्क ऑक्स या तिकडच्याच केसाळ जनावराची आतली मऊ लोकर. यात यू आहे पण क्यूपासून लांब. ट्रँक म्हणजे शांत करणारं औषध, ट्रँक्विलायझर या लांब शब्दाची क्यूनंतरची शेपूट तोडलेली. क्वर्टी तर तुमच्या बोटांखालीच आहे, कीबोर्डवरची पहिली सहा अक्षरं. इराक आणि कतार लावू नका, विशेषनामं चालत नाहीत.

माझं स्पष्ट मत : अर्थ माहीत नसलेला शब्द बोर्डवर लावणं म्हणजे फसवणूक. पाठांतरानं खेळ येत नाही.

आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, फ्रेंच बोलता येत नसताना, काही आठवड्यांत शब्द पाठ करून. म्हणजे पाठांतरानं खेळ येतो. तरी माझं मत तेच आहे.

आणि हे सगळे शब्द सगळ्या याद्यांत नसतात. काही इंग्लंडकडच्या यादीत चालतात, अमेरिकेतल्या नाही. तेव्हा पहिली टाइल उचलण्याआधी कुठली डिक्शनरी मानायची ते ठरवा, जमलं तर लिहून घ्या. आम्ही ठरवलं नव्हतं. मामा हल्ली स्वतः खुशाल क्यू-आय लावतो, आणि विचारलं तर म्हणतो, "ते वेगळं." त्याच्या गुणांच्या वहीत तो डाव अजून ३१ नंच मांडलेला आहे.