भाडेकरू मुलांना वायफाय द्यायचं आहे, राउटरची सुरक्षा कशी ठेवू?

तुमचा प्रश्न असा: इंदूरला रामबागेत जुनं घर, वरच्या खोल्यांत कोचिंगची मुलं भाड्याने, राउटर जिन्यात. वायफायचं नाव लपवलं आणि ठरावीक फोनच जोडू दिले तर पुरेल का?

नाही पुरणार. मी इंदुरातच नेटवर्कची कामं करतो, आणि लोक नेमका याच दोन गोष्टींवर वेळ घालवतात. लपवलेलं नाव, कोणी जोडायला गेलं की हवेत उघडं पडतंच. उलट तुमचा फोन रात्री सराफ्यात गेलात तरी ते नाव पुकारत राहू शकतो. फोनच्या मॅक पत्त्याचंही तेच, म्हणजे ज्या क्रमांकावरून राउटर ठरावीक फोन ओळखतो त्याचं. तो पत्ता हवेतून उघडाच जातो, त्याची नक्कल करता येते. शिवाय हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा पत्ता दाखवतात, त्यामुळे ती यादी सांभाळताना दमाल तुम्हीच.

पहिलं काम म्हणजे जिन्यातला राउटर घरात घ्या. बऱ्याच राउटरला डब्ल्यूपीएसचं बटण असतं. ते दाबलं की दोन मिनिटं दार उघडं, पासवर्ड न टाकता फोन जोडता येतो. खालच्या स्टिकरवर कंपनीचा मूळ पासवर्डही छापलेला असतो, फोटो काढायला कितीसा वेळ लागतो?

मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडा (हे राउटरच्या सेटिंगचं पान, खरा पत्ता स्टिकरवर मिळेल) आणि डब्ल्यूपीएस पूर्ण बंद करा. बटणाऐवजी पिन टाकूनही त्यातून जोडता येतं. हा पिन दिसतो आठ आकडी, पण शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा असतो आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो. म्हणजे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ पासून जगजाहीर आहे.

आता पासवर्ड. आपल्याकडे सर्रास मोबाइल नंबर ठेवतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत फोन जोडला जातानाची देवाणघेवाण टिपून घेतली की पुढचा अंदाजांचा खेळ चोर स्वतःच्या घरी बसून खेळतो, तुमच्या राउटरला पत्ताही लागत नाही. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो अंदाज तपासतं. दहा आकडी मोबाइल नंबर काही तासांत संपतात. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, तेव्हा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा. आडनाव, घराचं नाव, गणपती-देवी नकोत. सुरक्षेचा प्रकार त्याहून नवा डब्ल्यूपीए३ निवडा. जुना टीव्ही किंवा प्रिंटर अडला तर डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र, एईएस या मजबूत कूटपद्धतीसह. डब्ल्यूईपी आणि टीकेआयपी या जुन्या, कमकुवत पद्धतींकडे बघूही नका.

मुलांना गेस्ट नेटवर्क द्या, म्हणजे त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, वेगळ्या पासवर्डचं, आणि त्यातून घरातली उपकरणं दिसू देऊ नका. जोडलेल्या फोनवरून क्यूआर दाखवून पासवर्ड पुढे देता येतो, म्हणून मित्र-मैत्रिणी जोडल्या जाणारच. खोली रिकामी झाली की तेवढाच पासवर्ड बदला, घरचे फोन तसेच राहतात. मुलांवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. कनेक्शन तुमच्या नावावर आहे. २००८ साली अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस आधी त्या घरीच पोहोचले.

राउटरच्या सेटिंगचा स्वतःचा पासवर्डही बदला, तो वायफायच्या पासवर्डहून वेगळा ठेवा. बाहेरून राउटर हाताळायची सोय बंद ठेवा, फर्मवेअर, म्हणजे राउटरमधलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा.

सेटिंगचा पासवर्ड माहीत नसेल तर रीसेटचं भोक टोचू नका. त्याने नेटवाल्याने भरलेलं युजरनेमही पुसलं जाऊ शकतं आणि नेटच बंद पडतं. आधी त्याला फोन करून ते लिहून घ्या.