कुलपती : केवळ मानाचे पद?

प्रश्न : दीक्षान्त समारंभात राज्यपाल कुलपती म्हणून अध्यक्षस्थानी असतात, विद्यापीठाचा रोजचा कारभार मात्र कुलगुरू पाहतात. मग कुलपतिपद केवळ मानाचे आहे का, आणि ते राज्यपालांकडेच का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : राज्यपालांकडे हे पद आले ते १८५७ च्या कायद्याने. मुंबई विद्यापीठ स्थापन करताना त्या कायद्याने तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांना पहिले कुलपती नेमले आणि त्यांच्यानंतर जो गव्हर्नर असेल तोच कुलपती होईल, असे ठरवून टाकले. १८६२ साली टाउन हॉलमध्ये, म्हणजे आज जिथे एशियाटिक सोसायटी आहे त्या वास्तूत, पहिला पदवीदान समारंभ झाला तेव्हा कुलपती होते गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर, आणि बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ऑक्सफर्डमध्ये कुलपती पदवीधरांच्या मतांनी निवडला जातो; २०२४ मध्ये विल्यम हेग तसेच निवडून आले. आपल्याकडे मात्र पदवीधरांना त्यात कधीच मत नव्हते, आणि स्वातंत्र्यानंतरही ती रचना तशीच राहिली.

तरीही हे पद केवळ शोभेचे आहे, असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार राज्यपाल पदसिद्ध कुलपती व विद्यापीठाचे प्रमुख असतात, आणि कुलगुरूंची नेमणूक तेच करतात : शोध समिती किमान पाच नावांची शिफारस करते व त्यांतून एकाची निवड कुलपती करतात. ज्याच्या हाती ही निवड, त्याचा प्रभाव विद्यापीठाच्या पुढच्या पाच वर्षांवर पडतो. म्हणूनच वाद होतात तेही इथेच. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीप्रमाणे राज्य सरकार दोन नावे सुचवणार होते व कुलपतींनी त्यांतूनच एक निवडायचे होते. पुढे आलेल्या सरकारने ती दुरुस्ती मागे घेतली.

राज्यपाल एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, पण कुलपती म्हणून घ्यायचा निर्णय त्यांचा स्वतःचा असावा लागतो. केरळमधील कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनियुक्ती सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केली, ती कुलपतींनी स्वतःच्या विवेकाने नव्हे तर राज्य सरकारच्या दबावाखाली केली होती म्हणूनच.