अंतर्गत गुणांचा ताण कमी करायला प्राध्यापकांना काय बदलता येईल?

२० गुणांची एकच चाचणी नको. ५-५ गुणांच्या पाच घ्या, उत्तम चार धरा; एक दिवस ताप आला म्हणून सेमिस्टर बुडत नाही.

प्रयोगवहीला गुण न देता ‘जमलं’ किंवा ‘परत करा’ एवढाच शेरा द्या. निकष आधीच लेखी हवेत: आलेखाच्या अक्षांवर एकके, त्रुटीचं गणित, निष्कर्ष. दुरुस्तीला ७ दिवस, सेमिस्टरभरात तीनच संधी. फसतं ते इथेच. मोकळीक अमर्याद ठेवली की शेवटच्या आठवड्यात वह्यांचे गठ्ठे येतात आणि ताण मुलांवरून मास्तरांवर सरकतो.

विद्यापीठाला शेवटी आकडाच लागतो. म्हणून १० पैकी ९ प्रयोग जमले तर १८, ८ जमले तर १६, हा तक्ता पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा.