कार्बनच्या विमानावरची जाळी खराब झाली तर वरून जाड रंग देऊन भागेल का?

तुमचा प्रश्न असा: कार्बन फायबरच्या विमानाला विजेपासून वाचवायला एवढी पातळ तांब्याची जाळी कशी पुरते, ती जाड का लावत नाहीत, आणि खराब झाली तर वरून जाड रंग दिला तर चालेल का? पहिल्या दोन गोष्टी कुठल्याही पुस्तकात सापडतील. मी लिहायला बसलो तो तिसरीसाठी. नेमकं हेच वाक्य मी एका हँगरमध्ये वरिष्ठांच्या तोंडून ऐकलंय, आणि तेव्हा त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह नव्हतं.

आधीचं उरकून घेतो. कार्बन वीज वाहतो, पण ॲल्युमिनिअमपेक्षा हजार पटींहून वाईट, आणि थर एकमेकांना चिकटवणारं इपॉक्सी (एक प्रकारची राळ) तर तिला अडवतंच. प्रवाह आत शिरला की इपॉक्सी जळून त्याचा वायू होतो आणि थर आतून सुटतात. चाचणीत पहिल्या फटक्याचा कमाल प्रवाह 2 लाख अँपिअर धरतात. तो कार्बनमध्ये शिरायच्या आत वरच्यावर पसरवून धातूच्या सांगाड्याकडे न्यायचा, एवढंच जाळीचं काम. फटक्याच्या जागी जाळी स्वतः वाफ होऊन उडते, आणि ती तशी उडावी म्हणूनच लावलेली असते. जाड न लावण्याचं कारण वजन. हलकी जाळी चौरस मीटरला 73 ग्रॅम, जड 195 ग्रॅम. त्याऐवजी 0.1 मिलिमीटरचा सलग तांब्याचा पत्रा लावला तर तेच जवळजवळ 900 ग्रॅम. म्हणून पंखांची टोकं, इंजिनांची आवरणं अशा थेट माऱ्याच्या जागी जड जाळी आणि बाकी ठिकाणी हलकी. ॲल्युमिनिअमची जाळी हलकी पडते, पण कार्बनला चिकटली की गंजते, मध्ये काचेच्या कापडाचा थर द्यावा लागतो. आणि बहुतेक ठिकाणी ही जाळी विणलेली नसते. एकच फॉइल चिरून ताणलेली असते, त्यामुळे तारांचे सांधेच नसतात. अखंडपणा हाच तिचा सगळा गुण.

आता तो प्रसंग. कंपनीचं नाव सांगत नाही. नवा रंग द्यायला आलेलं प्रवासी विमान होतं. कार्बनच्या भागांवर रंग उतरवायचं केमिकल चालत नाही, इपॉक्सी खाऊन टाकतं, म्हणून सगळं सँडिंग करून काढायचं. रंग, त्याखाली प्रायमर, त्याखाली सरफेसिंग फिल्म, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत करणारा राळेचा पातळ थर, आणि तिच्यातच बसलेली जाळी. म्हणजे मशीन एका जागी जरा रेंगाळलं की जाळी गेली. विंगलेटवर, म्हणजे पंखाच्या वर वळलेल्या टोकावर, तेच झालं. पेंटशॉपमधला मुलगा प्रामाणिक, स्वतः बोलवायला आला. तळहाताएवढ्या भागात तांबं कापलं गेलं होतं आणि मधूनमधून काळा कार्बन दिसत होता.

साहेब आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "फिलर भर आणि दोन कोट जास्त मार. रंग म्हणजे इन्सुलेशनच की. वीज आत जाणारच नाही."

ऐकायला पटतं, हीच त्यातली गोम आहे. त्या व्होल्टेजपुढे रंगाचा कुठलाही थर टिकत नाही, तो फुटतोच. फरक पडतो तो कसा फुटतो यात. रंग पातळ असेल तर आर्कची मुळं, म्हणजे विजेची ठिणगी जिथे विमानाला चिकटते त्या जागा, अनेक ठिकाणी पसरतात आणि जाळीचा मोठा भाग मार वाटून घेतो. रंग जाड असेल तर तो एकाच भोकातून फुटतो आणि सगळा मार त्या ठिपक्यावर येतो. शिवाय विमान पुढे सरकत असतं आणि विजेचा लोळ जागच्या जागी असतो, म्हणून तो अंगावरून मागे घसरत जातो. जाड रंगाखाली त्याला पुढचं भोक पाडायला वेळ लागतो, तेवढा वेळ तो पहिल्याच जागी अडकून जाळतो. म्हणून प्रायमर आणि रंग मिळून जाडीला वरची मर्यादा असते. आणि इथे तर खाली जाळीच तुटलेली होती! फाटक्या गादीवर नवी चादर टाकण्याचा तो प्रकार.

मी काम पास केल्याचा स्टँप मारला नाही. "हेच वर्ककार्डावर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहा आणि खाली सही करा," म्हटलं. साहेबांच्या खिशातलं पेन काही बाहेर निघालं नाही. मग निर्मात्या कंपनीच्या इंजिनिअरिंगला विचारलं. उत्तर आलं ते अपेक्षितच: तेवढा भाग काढा, नवी जाळी जुन्या जाळीवर ठरलेल्या ओव्हरलॅपने बसवा, नवी फिल्म, दाबायला व्हॅक्यूम बॅग, तापवून पक्कं करायला हीट ब्लँकेट, मग बाँडिंग चेक, म्हणजे विजेची जोडणी अखंड आहे का याची मोजणी. विमान उशिरा सुटलं आणि त्याचं खापर माझ्यावर फुटलं.

साहेब आता निवृत्त आहेत. पण लग्नाकार्यात भेटले की अजून विचारतात, "त्या जागी वीज लागली का कधी? मग?" दुरुस्ती केलेल्या जागी काही झालं नाही, हा दुरुस्ती नको होती याचा पुरावा कसा होतो, हे मला आजवर कळलेलं नाही. प्रवासी विमानाला सरासरी वर्षातून एकदा वीज लागते, आणि त्यातल्या बहुतेक वेळा विमान स्वतःच तिला निमंत्रण देतं. नासाने 1980 च्या दशकात एक एफ-106 लढाऊ विमान मुद्दाम वादळांत घातलं, त्याला 700 हून जास्त फटके बसले. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत लाइटनिंग स्ट्राइकच्या तपासण्या किती वाढतात ते विमानतळावर रोजची देखभाल करणाऱ्या कुणालाही विचारा. आणि टोकं ही पहिली जागा. विंगलेट हे टोकच.

हल्ली साहेब मला बोइंग 787 ची बातमी पाठवतात. बोइंगने त्या विमानाच्या पंखावरची काही तांब्याची फॉइल काढून टाकली, 2019 मध्ये ते बाहेर आलं, "बघ, जाळी लागतच नाही!" साहेब, ती डिझाइन करणाऱ्याने हिशेब मांडून, बाकीचं संरक्षण जागेवर ठेवून काढली. तरीही एफएएच्या, म्हणजे अमेरिकी विमान नियामकाच्या, स्वतःच्याच तज्ज्ञांनी विरोध केला होता आणि अमेरिकी काँग्रेसच्या समितीने जाब विचारला. आपली जाळी सँडपेपरने काढली होती. दुसरं उदाहरण तुम्ही पाठवत नाही. एअरबसच्या ए350 वर रंग सोलवटला, खालची तांब्याची जाळी उघडी पडली, कतार एअरवेजने वीसहून जास्त विमानं जमिनीवर बसवली आणि एअरबसबरोबरचं प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं. 2023 च्या फेब्रुवारीत तडजोड झाली. एअरबस शेवटपर्यंत म्हणत होती की सुरक्षेला धोका नाही, आणि युरोपच्या नियामकाचंही तेच मत होतं. मान्य. पण जाळीवरच्या रंगाला कुणी किरकोळ समजू नये, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आता थोडं सावरून सांगतो. मी दुरुस्तीतला माणूस आहे, डिझाइनमधला नाही. प्रत्येक विमानाचं एसआरएम, म्हणजे निर्मात्याचं दुरुस्तीचं पुस्तक, वेगळं असतं, आणि जाळीचं लहानसहान नुकसान काही ठिकाणी त्यात मान्यही असतं. तेव्हा तांबं दिसलं की लगेच घाबरू नका, आधी पान उघडा. फक्त ते पान साहेबांच्या तोंडी नको, छापील हवं. आणि नाकाच्या रेडोमवर, म्हणजे रडारवरच्या टोपीवर, जाळी शोधत बसू नका. आतल्या रडारला आरपार दिसावं लागतं, म्हणून तिथे जाळीऐवजी वीज बाजूला वळवणाऱ्या डायव्हर्टर पट्ट्या असतात. जाड रंगाने तिथे रडारच मंद होतं, त्यामुळे साहेबांचे दोन जास्तीचे कोट तिथेही चालणार नाहीत.