पहिला दिवाळसण, दोन आया आणि तेलात विरघळलेल्या चकल्या

पत्र : मेमध्ये आमचं लग्न झालं. मी सांगलीची, नवरा रत्नागिरीचा. डोंबिवली पूर्वेला भाड्याच्या वन बीएचकेत राहतो, दोघांच्याही नोकऱ्या मुंबईत. गणपतीत आठ दिवस रत्नागिरीला राहून आलो. आता दोन्ही आया फोनवर विचारतात, “दिवाळीला कधी येताय?” मला मात्र कोजागिरीपासून दिवाळीपर्यंत सगळं आमच्या घरात करायचं आहे : कंदील, फराळ, पहाटेची अंघोळ. नवरा म्हणतो, दोघांसाठी एवढा पसारा कशाला, सगळं विकत आणू. मी हट्टाने दोन वाट्या भाजणीच्या चकल्या करून पाहिल्या. मोहन म्हणून अर्धी वाटी लोणी घातलं आणि चकल्या तेलात विरघळल्या. त्यावर तो हसला, मी रडले, आणि दोन दिवस अबोला. चूक कोणाची? आणि एक लाजिरवाणा प्रश्न : पाडव्याला ओवाळणीत काय हवं, हे त्याला आपण होऊन सांगायचं का?
– गोंधळलेली, डोंबिवली

उत्तर : चूक लोण्याची. त्याचा सविस्तर पंचनामा पुढे करू. आधी आयांचं पाहू, कारण गाडीची तिकिटं चकल्यांसारखी पुन्हा तळता येत नाहीत.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. अनंत चतुर्दशी ते भाऊबीज हे अंतर जेमतेम पन्नास दिवसांचं, म्हणजे तुमच्या जाण्याचं आणि येण्याचंही आरक्षण उघडून गेलेलं आहे. हे वाचून झाल्यावर पहिलं काम तेच. दुसरं काम, दिनदर्शिका उघडून बसा. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन काही वर्षी एकाच दिवशी येतात, तर कधी लक्ष्मीपूजन आणि पाडव्यात एक दिवस मोकळा पडतो. तारखा न बघता “तीन दिवस सुट्टी टाकू” म्हणणाऱ्यांची भाऊबीज ऑफिसात जाते.

वाटणी अशी सुचवते. पहिली अंघोळ, लक्ष्मीपूजन आणि पाडवा तुमच्या घरात. पाडव्याच्या रात्री कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, सकाळी सांगली. भाऊबीज तिथे आणि जावयाचा दिवाळसणही तिथेच. तुमची आई म्हणेल, जावई पाडव्याला हवा होता. पण पाडव्याचं ओवाळणं नवरा-बायकोचं असतं, ते ज्या घरात दोघं असतील त्या घरात होतं. भावाला ओवाळायला मात्र भावापाशीच जावं लागतं. रत्नागिरीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. कोकणातल्या घराचा खरा मोठा सण गणपती, आणि तो तुम्ही आठ दिवस केलात. सासूबाईंना तुळशीचं लग्न द्या. कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत ते कधीही लावता येतं, त्यात शनिवार किंवा रविवार येतो का, ते दिनदर्शिकेत बघा. अंगणातल्या वृंदावनापाशी ऊस, चिंच, आवळे ठेवून जे लग्न लागतं ते डोंबिवलीच्या गॅलरीतल्या कुंडीपाशी लागत नाही, हे तुम्हालाही पटेल.

हे सांगताना एक पथ्य : सांगलीला फोन तुम्ही करायचा, रत्नागिरीला नवऱ्याने. तुमच्या तोंडून गेलेला निरोप “सुनेने ठरवलं” असा पोचतो, त्यांच्या तोंडून गेलेला “पोरांनी ठरवलं” असा. आणि “बघू, कळवतो” असं म्हणू नका. रत्नागिरीच्या फोनवर नवऱ्याने सरळ सांगायचं : “आई, पाडव्यापर्यंत आम्ही आमच्या घरी आहोत. भाऊबीज सांगलीला, तुळशीच्या लग्नाला आम्ही तुमच्याकडे. तिकिटं काढली आहेत.” शेवटचं वाक्य वादाला जागा ठेवत नाही, म्हणून फोन तिकिटं काढल्यावर.

आता फराळ. नवऱ्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. दोन माणसं, दोन नोकऱ्या आणि दोन शेगड्या यांत पाच-सहा पदार्थ करायला गेलात तर लक्ष्मीपूजनाला तुम्ही झोपलेल्या असाल. पण सगळंच विकत आणलं तर घराला तळणीचा वास येत नाही, आणि तुम्हाला हवा आहे तो वास. म्हणून चकली, शंकरपाळी आणि बेसनाचे लाडू घरी. करंज्या बचतगटाकडून किंवा घरगुती करणाऱ्या काकूंकडून. दसऱ्याच्या सुमारास सांगून ठेवा, नंतर त्या ऑर्डर घेत नाहीत. चिवड्याऐवजी आईकडून सांगलीचं भडंग मागवा, त्यांनाही पाठवल्याचं समाधान. अनारशांच्या नादी यंदा लागू नका. तीन दिवस तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, वाळवा, कुटा, गुळात मळून पीठ मुरवा, आणि एवढं करून तो तुपात हसतो, म्हणजे फुटून पसरतो. (अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात, तेव्हा ते तुमच्या आईचं खातं.)

तुमच्या चकल्या का विरघळल्या? दोन वाट्या भाजणीला मोहन दोन मोठे चमचे पुरतं; चमचा मापाच्या संचातला, पंधरा मिलीलिटरचा. तुम्ही त्याच्या दुपटीहून जास्त घातलंत. मोहन वाढलं की पीठ एकमेकांना धरत नाही आणि तेलात पडल्याबरोबर सुटतं. त्यात तेल पुरेसं तापलेलं नसेल तर मग बघायलाच नको.

पुन्हा करा, अशा : पावणेदोन वाट्या पाणी उकळत ठेवा. त्यात दोन मोठे चमचे तेल, दोन छोटे चमचे तिखट, हळद, हिंग, अर्धा छोटा चमचा ओवा, दोन मोठे चमचे तीळ आणि मीठ. खळखळून उकळी आली की गॅस बंद करून भाजणी घाला, उलथण्याच्या दांड्याने ढवळा आणि घट्ट झाकण ठेवून वीस मिनिटं विसरा. ही उकड नीट मुरली नाही तर चकली पाडताना तुटते. मग कोमट पाण्याचा हात लावत एका वेळी दोन चकल्यांपुरतंच पीठ मऊ मळा. सगळं एकदम मळून ठेवलं की ते वाळत जातं आणि शेवटच्या घाण्याला सोऱ्या फिरवताना दम निघतो.

पहिली चकली कागदावर पाडून बघा. तुटली तर पाण्याचा हात लावून अजून मळा. तुटली नाही पण काटा उमटत नसेल तर पाणी जास्त झालंय. चमचा-दोन चमचे कोरडी भाजणी मिसळा. तेलात पिठाची कणी टाका. तळाशी जाऊन लगेच वर आली तर तेल तयार. कणी खालीच रेंगाळली तर थांबा, पडताक्षणी लाल झाली तर आच कमी करा. एकच चकली आधी तळून पाहायची; ती टिकली की मग चार-चार सोडा, मध्यम आचेवर. बुडबुडे ओसरेपर्यंत उलटायची घाई नको, आणि बुडबुडे जवळजवळ थांबल्याशिवाय बाहेर काढायची नाही. मोठ्या आचेवर तळलेली चकली वरून सुंदर दिसते आणि दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडते. कोमट चकली डब्यात भरली तरी तेच. दोन वाट्यांत वीसेक मध्यम चकल्या होतात. दोघांना आणि शेजारच्या दोन घरांना देण्यापुरता चार वाट्यांचा घाट पुष्कळ झाला. तेवढा एका शनिवारी दुपारी आटोपतो. ऑफिसातून आल्यावर रात्री दहाला कढई चढवू नका, तेव्हा चकल्यांआधी माणसं तडतडतात. आणि सोऱ्या नवऱ्याच्या हातात द्या. त्याला जोर लागतो, आणि ज्याने सोऱ्या फिरवलाय तो तुटलेल्या चकलीला हसत नाही.

शंकरपाळीचं गणित सोपं : दूध, साखर, तूप समसमान. अर्धी-अर्धी वाटी घ्या, साखर विरघळेपर्यंतच गरम करा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग मावेल तेवढा मैदा, साधारण दोन ते अडीच वाट्या, चिमूटभर मीठ. गरम मिश्रणात मैदा घातला तर ते जास्त मैदा ओढतं आणि शंकरपाळी दगड होते. तळण मंद आचेवर, चकलीहून मंद. लाडवांना दोन वाट्या जाडसर बेसन, पाऊण वाटी तूप, मंद गॅसवर अर्धा तास भाजणं. बेसन आधी घट्ट होतं, मग सैल पडून तूप सुटतं आणि खमंग वास येतो, तिथे थांबायचं. सव्वा वाटी पिठीसाखर मिश्रण कोमट झाल्यावरच. गरमात घातलीत तर साखर पाघळते आणि लाडू ताटलीत बसतो.

कोजागिरी दिवाळीच्या आधी पंधरा दिवस येते, म्हणून पहिली तालीम तीच. दोघांना पाऊण लिटर म्हशीचं दूध, तळाला लागू न देता पाव हिस्सा आटवलेलं, तीन-चार चमचे साखर, आठ-दहा बदाम आणि तितकेच पिस्ते यांची भरड, तीन वेलदोडे, कोमट दुधात भिजवलेल्या केशराच्या पाच-सहा काड्या, किंचित जायफळ. बदाम मिक्सरमध्ये थांबून-थांबून फिरवा. सलग फिरवलेत तर तेल सुटून गोळा होतो. कालचं उरलेलं दूध ताज्यात मिसळू नका, आटवताना फाटतं ते बहुतेक यामुळेच.

चंद्राचं मात्र आधी बघून ठेवा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो आणि मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर असतो. गॅलरी पूर्वेला असेल तर आठच्या सुमारास समोर दिसेल. बारा वाजता, प्रत्यक्ष कोजागिरीच्या वेळी, वरच्या मजल्याचा स्लॅब आड येणारच. तेव्हा पातेलं घेऊन गच्चीवर जा. गच्चीची किल्ली सोसायटीच्या वॉचमनकडे असते आणि तो अकराला झोपतो, म्हणून ती संध्याकाळीच मागून ठेवा.

कंदील घरी करायचा तर पहिल्या वर्षी चांदणी वगैरे नको, साधा चौकोनी करा : एक-एक फुटाच्या बारा बांबूच्या कामट्या, कोपरे दोऱ्याने घट्ट बांधलेले. पतंगी कागद मैद्याच्या खळीने चिकटवा. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर मैदा, शिजवून गार केलेला. खळ पातळ राहिली तर कागद सुरकुततो. खालच्या झिरमिळ्या शेवटी. वरची आणि खालची बाजू उघडी ठेवा, आत पाच वॅटचा एलईडी. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद आधी करपतो, मग पेटतो. दिवाळीच्या आसपास एखाद्या संध्याकाळी गडगडून पाऊस येतोच, तेव्हा कंदील स्लॅबच्या आत टांगा आणि कपड्यांच्या दोरीला नव्हे, ग्रिलला बांधा. पणत्या आदल्या दिवशी तीन-चार तास पाण्यात बुडवून वाळवा. कोरी माती निम्मं तेल पिते आणि उरलेलं तुमच्या भाड्याच्या फरशीवर उतरवते. पाडव्याच्या रात्री निघताना एकही पणती जळती ठेवायची नाही. कंदील चालू राहिला तर चालेल.

पहिल्या अंघोळीला तिळाचं तेल कोमट करून दोघांना मिळून चार मोठे चमचे पुरे. उटणं दुधात किंवा पाण्यात कालवा, पण कालवून पंधरा मिनिटं ठेवू नका, ते सुकून चरचरतं. बाथरूमच्या फरशीवर जुना टॉवेल अंथरा. तेल आणि उटणं मिळून जो राडा होतो त्यावर पाय घसरून दिवाळीत हाड मोडून घेणारे दरवर्षी असतात. दाराशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं असेल तर ते बाजारात आदल्या दिवशी सकाळीच मिळतं, संध्याकाळी संपतं.

त्या दिवशीची न्याहारी सासरच्या पद्धतीची करा. कोकणात त्या सकाळी फराळाआधी पोहे असतात, तेही दोन-तीन तऱ्हांचे. ओलं खोबरं, कांदा, मिरची-कोथिंबीर, लिंबू आणि वरून फोडणी घातलेले दडपे पोहे, आणि दूध-गुळाचे पोहे. सासूबाईंकडून गावचे लाल पोहे मागवा. “आमच्याकडचे कशाला हवेत?” म्हणतील आणि दोन किलो पाठवतील. खाऊन झाल्यावर फडके रोडला, जिथे त्या सकाळी डोंबिवलीची तरुण मंडळी जमतात तिथे, जायचं असेल तर जा, पण नवीन कपड्यांत आणि पायी. त्या सकाळी तिथे गाडी लावायला जागा शोधणं हा सण नव्हे.

राहिला शेवटचा प्रश्न. हो, सांगा. नुसतं “साडी” म्हणू नका, रंग, पोत, दुकान आणि अंदाजे किंमत सांगा. आणि वसुबारसेच्या आत सांगा, कारण पाडव्याच्या आदल्या रात्री दुकानात जे उरलेलं असतं ते कोणालाच नको असतं.