पेटंटला हरकत: नऊ महिन्यांतले सात गेले

प्रश्न: आमच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या औषधी लेपावर एका कंपनीला युरोपियन पेटंट मिळालं आहे. सात महिने कंपनीला पत्रं लिहितोय, उत्तर नाही. काय करावं?

उत्तर: पत्रं लिहिणं आजच थांबवा. असे प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात आणि बहुतेक वेळा उशिराच येतात. पेटंट मंजूर झाल्याची नोंद युरोपियन पेटंट बुलेटिनमध्ये ज्या दिवशी छापली जाते, त्या दिवसापासून युरोपियन पेटंट ऑफिसकडे हरकत घ्यायला नऊ महिने मिळतात. मुदतवाढ नाही. कंपनीशी केलेला पत्रव्यवहार हरकत ठरत नाही. शुल्क जमा होईपर्यंत हरकत दाखल झाली असं धरतच नाहीत. शिवाय तुम्ही युरोपियन पेटंट करारातल्या देशांबाहेरचे असाल, तर तिथला अधिकृत पेटंट प्रतिनिधी नेमावाच लागतो. तो याच आठवड्यात नेमा.

मुदत हुकली, तर देशोदेशीची न्यायालयं किंवा काही देशांपुरतं युनिफाइड पेटंट कोर्ट एवढंच उरतं. खर्च कित्येक पट.

आता लेप आधीपासूनच लोकांना माहीत होता याचा पुरावा. लेखी मजकूरच हवा असं नाही. तोंडी माहिती आणि उघड वापरही चालतो, पण तो अर्जाच्या, किंवा प्रायॉरिटी डेट (त्याच शोधासाठी आधी केलेल्या पहिल्या अर्जाची तारीख) असल्यास त्या तारखेच्या आधीचा हवा. नंतरचे फोटो, बातम्या निरुपयोगी. प्रतिज्ञापत्रात वनस्पतीचा कोणता भाग, किती, कशात भिजवला की उकळला, कधी, कुणासमोर हे सगळं हवं. ‘पूर्वापार वापरतो’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ज्ञान मोजक्या वैद्यांनीच गुप्त ठेवलं असेल, तर ते जनतेला उपलब्ध होतं असं म्हणता येत नाही. तिथे बाजू लंगडी पडते. पेटंटमधला दावा, म्हणजे कंपनीने ज्यावर हक्क सांगितला आहे ते, लेपावर नसून विशिष्ट अर्कावर असेल, तर नावीन्य टिकूही शकतं. मग भर ‘यात शोध म्हणावा असं काही नाही’ यावर द्यावा लागेल. दावे वाचल्याशिवाय याहून ठाम सांगता येणार नाही.

घाईच्या निकालाची आशा नको. कडुनिंबाच्या पेटंटवर १९९५ मध्ये हरकत घेतली. ते २००० मध्ये रद्द झालं आणि अपील फेटाळलं जायला २००५ उजाडलं. दहा वर्षं! वायपोच्या, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, पारंपरिक ज्ञानाविषयीच्या २०२४ च्या करारावरही विसंबू नका; एखाद्या देशात तो लागू होण्याआधी तिथे केलेल्या अर्जांना त्याचं बंधन नाही.

त्याच कंपनीचे इतर अर्ज अजून प्रलंबित असतील, तर त्यांवर त्रयस्थ म्हणून लेखी निरीक्षणं आत्ताच पाठवा. त्याला शुल्क लागत नाही.