एपीत ५ मिळाले, मग थेट कॅल्क्युलस थ्री घ्यावं का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी बारावीत आहे. गेल्या मे महिन्यात तिने एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) कॅल्क्युलस बीसीची परीक्षा दिली, ५ मिळाले, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी. यंदा एपी फिजिक्स १ आणि एपी सायकॉलॉजी चालू आहे. सप्टेंबरपासून मेकॅनिकल इंजिनिअरिंग. कॉलेज म्हणतं, कॅल्क्युलस वन आणि टू दोन्हींचं क्रेडिट देतो, म्हणजे ते कोर्स झाले असं धरतो, ती थेट थ्री घेऊ शकते. मला स्वतःला सांगलीत बारावीला गणितात उत्तम मार्क होते आणि तरीही इंजिनिअरिंगच्या पहिल्या गणिताला, एम-वनला, केटी लागली. म्हणून धाकधूक वाटते.

उत्तर : ताई, तुमची धाकधूक बरोबर आहे, पण मुलीची परिस्थिती थोडी वेगळी आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास शाळेतच शिकवायचा, यासाठीच एपी आहे. कॉलेज बोर्ड ही अमेरिकेतली परीक्षा घेणारी संस्था १९५५ पासून ते चालवते. त्यामुळे बीसीचा सिलॅबस कॅल्क्युलस वन-टूशी बराच जुळतो.

बराच जुळतो, पण सगळा नाही. त्रिकोणमितीय सब्स्टिट्यूशन आणि घनफळ काढायची शेल पद्धत बीसीच्या परीक्षेत नाहीत, पण कॉलेजात कॅल्क्युलस टूला बहुतेक ठिकाणी शिकवतात. काही शिक्षक शाळेतच घेतात, काही घेत नाहीत. आज संध्याकाळी तिला एवढंच विचारा, चार वजा एक्सचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, याचं इंटिग्रेशन कसं करशील? ‘एक्स बरोबर दोन साइन थीटा धरते’ असं ती सहज म्हणाली तर छान. अडखळली तर घाबरू नका, आठवडाभराचं काम आहे.

खरा फरक पेपरात आहे. बीसीला ४५ बहुपर्यायी प्रश्न असतात आणि त्यांना निम्मं वजन असतं. उरलेले ६ प्रश्न लिहून सोडवायचे, पण तेही अ, ब, क, ड असे तुकडे करून दिलेले, म्हणजे पुढची पायरी बऱ्याचदा पेपरच दाखवतो. शिवाय ५ मिळायला पैकीच्या पैकी लागत नाहीत, बरेच कमी गुण पुरतात. सीरिजचा धडा कच्चा राहूनही ५ मिळालेली मुलं मी पाहिली आहेत. कॉलेजच्या पेपरात नुसती सीरिज देतात आणि ती कन्व्हर्ज होते का, म्हणजे तिची बेरीज एका ठरावीक संख्येकडे जाते का, ते कारणासह लिहायला सांगतात. कुठली टेस्ट लावायची आणि ती इथे का लागू पडते, हे दोन्ही तिनेच ठरवायचं.

फिजिक्स १ बीजगणितावर चालतं, इंजिनिअरिंगला कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स लागतं. त्यामुळे तिथे फिजिक्स पहिल्यापासून घ्यायचं, हे धरूनच चाला.

सायकॉलॉजीचं क्रेडिट मिळालं तर खुशाल घ्या, तिच्या मुख्य विषयाची पुढची इमारत त्यावर उभी राहणार नाही. पण एक गोष्ट सांगते. डार्टमथ कॉलेजच्या मानसशास्त्र विभागाने एपी सायकॉलॉजीत ५ मिळवलेल्या शंभरावर विद्यार्थ्यांना आपल्या पहिल्या कोर्सच्या अंतिम परीक्षेवर बेतलेला पेपर दिला, तेव्हा सुमारे ९० टक्के नापास झाले. कॉलेज बोर्डाने त्या प्रयोगावर शंका घेतल्या, तरी डार्टमथने २०१४ पासून येणाऱ्या मुलांना एपीचं क्रेडिट देणं थांबवलं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कॉलेजच्या गणित विभागाकडून कॅल्क्युलस टूचा जुना फायनल पेपर मिळवा, बरेच विभाग वेबसाइटवर ठेवतात. एखाद्या रविवारी सकाळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, त्या पेपराला दिलेला असेल तेवढाच वेळ. वही-पुस्तक बंद. तिने परीक्षा देऊन वर्ष होत आलंय, त्यामुळे आधी पंधरा दिवस उजळणी करू द्या. ८० टक्क्यांच्या पुढे गेली तर थ्री घ्या. ६० ते ८० मध्ये असेल तर चुका कुठे झाल्या ते बघा. एकाच धड्यातल्या असतील तर उन्हाळ्यात भरून निघतील. ६०च्या खाली असेल तर वनचं क्रेडिट ठेवा आणि टू पुन्हा करू द्या. जो कोर्स पुन्हा घेतला त्याचं क्रेडिट सहसा रद्द होतं, तेवढं अॅडव्हायझरला विचारून घ्या.

हे सगळं सप्टेंबरच्या आधी का, तर थ्रीचे पहिले काही आठवडे व्हेक्टरचे असतात आणि मुलांना ते सोपे जातात. डबल इंटिग्रल त्यानंतर येतं, आणि जुनं कच्चं राहिलेलं इंटिग्रेशन तिथे आडवं येतं. तोवर कोर्स बदलायची मुदत संपलेली असते. ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि टूचा वर्ग तिच्या वेळापत्रकात बसतो का, तेही बघून ठेवा.